बाळाच्या आधी आलेला चीक

पहिल्या बाळंतपणात छातीला गळू झालं आणि आता पुन्हा दिवस गेले आहेत, अशी कुणीतरी बाई हे वाचेल म्हणून लिहायला बसले आहे. ती बाई कशी असते ते मला ठाऊक आहे. लोक तिला डोहाळे विचारतात आणि ती चिंच, बोरं असं काहीतरी सांगून मोकळी होते. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत असते, की या वेळी तरी बाळाला पाजता येईल का.

मला पाजता आलं. आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. शेवट आधी सांगितला म्हणून बिघडत नाही, मधली तारांबळच सांगण्यासारखी आहे.

पहिल्या वेळी

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, त्यामुळे आमच्या घरातल्या उशासुद्धा पिवळ्या. मराठी सातवी झाले आणि लढाईच्या धामधुमीत माझं लग्न वडूजकडच्या एका शेतकरी घरात झालं. हे तेव्हा पलटणीत मोटार चालवायचे. थोडी जिरायत जमीन, एक विहीर, दोन गाई आणि गाईंच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणाऱ्या सासूबाई, असं ते घर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे सांगलीला झालं. मुलगी झाली, कुसुम. बाळ झाल्यावर सुरुवातीला जे घट्ट, पिवळं दूध येतं त्याला आपण चीक म्हणतो. तो बाळाला बाधतो असं तेव्हा सगळेच धरून चालत. तीन दिवस चीक काढून टाकायचा, छातीवर फडकं आवळून बांधायचं आणि बाळाला दुसऱ्या कुणी पाजायचं, असा आमच्याकडचा रिवाज. शेजारच्या यमुनाकाकूंचा मुलगा अंगावर पीत होता. त्यांनी कुसुमलाही पदराखाली घेतलं.

तीन दिवसांनी तिला माझ्याकडे दिलं तेव्हा माझी छाती दगड झाली होती. कुसुमला तोंडात धरताच येईना. ती रडे, मी रडे, आई देवापुढे दिवा लावून बसे. मग ताप चढला, डाव्या बाजूला गळू झालं आणि डॉक्टरांनी ते चिरलं. रोज जखमेतली पट्टी ओढून काढायची आणि नवी भरायची. त्या दुखण्याबद्दल जास्त लिहीत नाही. जिला झालं आहे तिला सांगायला नको, आणि जिला झालं नाही तिला उगाच कशाला घाबरवा.

जखम भरली तोवर दोन्हीकडचं दूध आटून गेलं होतं. कुसुम यमुनाकाकूंच्या दुधावर आणि पुढे शेळीच्या दुधावर वाढली. काकू नसत्या तर ती राहिली नसती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आईला मी दोष देत नाही. तिला तिच्या आईने सांगितलं तेच तिने केलं.

सासरी आल्यावर मात्र मी कोरडी सून ठरले. आत्याबाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्या फक्त गाईच्या पाठीवर थाप मारून तिचं कौतुक जरा मोठ्याने करायच्या.

नखं दाखवा

लढाई संपली, हे घरी आले आणि मला पुन्हा दिवस गेले. घरात सगळे खूश होते, मला मात्र घास गिळेना. आमच्या वस्तीवर त्या वर्षी पाजती बाई एकही नव्हती. यमुनाकाकू राहिल्या लांब सांगलीला. पहिल्या दिवसापासून वरच्या दुधावर ठेवलेली पोरं कशी सुकत जातात ते मी आजूबाजूला पाहिलं होतं. शेवटी धीर करून यांना मनातलं सांगितलं.

“साताऱ्याला एक डाक्टरीणबाई हायती म्हणं, बायकांचंच बगत्यात,” हे म्हणाले. “जाऊ या की.”

“आत्याबाई जाऊ देतील?”

“जाऊ कशाला द्यायला पायजेल? तिलाच संगं घिऊ.”

अशी आमची तिघांची वरात निघाली. तेव्हा पेट्रोल मिळेना, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ लागला की उतारूंनी उतरून चालायचं. यांना दुसऱ्याने चालवलेली मोटार सोसत नाही, त्यामुळे वाटभर हे ड्रायव्हरला शिकवत होते आणि आत्याबाई यांना गप्प बसवत होत्या. माझं लक्ष कशातच नव्हतं.

डॉक्टरीणबाई मूळच्या वाईच्या. उंच, किडकिडीत, आणि बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. आम्ही आत गेलो तर त्यांचा पहिला शब्द, “नखं दाखवा.” तिघांनीही दाखवली. माझी त्यांनी तिथल्या तिथे कात्रीने कापली. आत्याबाईंनी आपले हात पदराखाली घेतले आणि बाक रिकामा असून जमिनीवर बसल्या.

यांना बाहेर पाठवून माझा जुना व्रण त्यांनी पुष्कळ वेळ चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, “डाव्या बाजूचं मी काही सांगू शकत नाही. चिरा खोल गेलेला आहे. उजवीकडे काही बिघडलेलं नाही.”

“पण मला दूधच नव्हतं,” मी म्हटलं.

“कोण म्हणतं? तुम्हाला दूध होतं. ते अडकून बसलं, म्हणून तर हे सगळं झालं.”

त्या पुढे काही बोलत होत्या, पण मला ऐकू येईना. तुम्हाला दूध होतं. इतके दिवस मी स्वतःला कोरडी समजत होते आणि ही बाई मला सांगत होती की मला दूध होतं. मला तिथे रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही यायला लागलं. हे बाहेरून दारात येऊन विचारायला लागले, काय झालं, काय झालं.

त्यांनी सांगितलेला उपाय ऐकून मात्र आम्ही दोघीही गार झालो. नववा महिना लागला की आंघोळीनंतर स्वच्छ हाताने दोन-चार थेंब चीक काढायचा. बाळ व्हायच्या आधीच. म्हणजे वाटा मोकळ्या होतात, हाताला सवय होते आणि पुढे दूध दाटून बसलं तर काढता येतं.

आत्याबाई जमिनीवरून बोलल्या. “बाईसाहेब, रागावू नगा. जलम गेला माजा गाईत. व्यायच्या आधी कासंला कोन हात लावत न्हाई. वासराचा चीक वाया जातोय आन् कासंला गाठ येती ती येगळीच.”

डॉक्टरीणबाई प्रथमच थांबल्या. “गाईचं तुमचं बरोबर आहे. पण गाय व्याली की वासराला तुम्ही तीन दिवस बांधून ठेवता का?”

“छ्या. मरंल की ते.”

“आणि बाळाला?”

आत्याबाईंनी पदर सारखा केला. “मानसाचं येगळं असतंय.”

“तेच म्हणते मी, माणसाचं वेगळं असतं. गाईचा आधी काढला तर वासराला कमी पडतो. बाईला तो पुन्हा पुन्हा येत राहतो.”

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघा, मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. काही डॉक्टर हे करायला सांगतात, काही नको म्हणतात. मी ज्यांना सांगितलं त्यांच्यातल्या पुष्कळजणींना सोपं गेलं, एवढंच मी पाहिलं आहे. पोट कडक झालं, कळ आली, तर त्या क्षणी थांबायचं आणि इकडे यायचं.”

हे वाचणाऱ्या बाईला माझंही तेच सांगणं आहे. माझं वाचून घरच्या घरी सुरू करू नका. आधी कुणातरी जाणत्या डॉक्टरला छाती आणि पोट दोन्ही दाखवा.

कणगीच्या आड

घरी आल्यावर आत्याबाईंनी आपला निकाल दिला. “मी न्हाई म्हनत न्हाई. पर माज्या डोळ्यासमूर नगं.”

मग जागा उरली धान्याच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीच्या आड. माणसं रानात गेली की मी आंघोळ करून तिथे जाऊन बसायची. यांनी पलटणीतला आपला इनॅमलचा मग मला दिला होता, आणि तो रोज पाण्यात घालून उकळायचा असा यांचा हट्ट. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ भांडं एवढंच सांगितलं होतं, पण यांना मोठा हुकूम मिळाल्याचा आनंद. हे अंगणात चुलीपुढे बसून मग उकळायचे आणि येणारे जाणारे विचारायचे, “काय शिजतंय रं?” हे म्हणायचे, “काय न्हाई, मग शिजतोय.” वस्तीवर बातमी पसरली की लढाईवरून आल्यापासून गड्याचं डोकं ठिकाणावर नाही.

पहिले काही दिवस काहीच आलं नाही. मी भिंतीकडे बघत बसायची, बाहेर कोंबड्या ओरडायच्या आणि मला वाटायचं, डॉक्टरीणबाईंनी माझं मन राखायला सांगितलं असेल. मग एका सकाळी उजवीकडे बोटाला काहीतरी चिकट लागलं. उजेडात धरून पाहिलं तर पिवळा थेंब. हळकुंड उगाळलं की सहाणेवर पहिल्यांदा जो रंग येतो, तोच. हळदीच्या पेठेतल्या माणसाची मी मुलगी, पिवळ्या रंगात माझी फसगत होत नाही.

बोट तसंच वर धरून मी खोलीतून बाहेर आले. घरात आत्याबाईंशिवाय मोठं कुणी नव्हतं, आणि मला कुणाला तरी दाखवायचंच होतं. मी ते बोट त्यांच्या डोळ्यांसमोर नेलं. त्यांनी माझं बोट धरलं, खिडकीकडे वळवलं आणि निरखून पाहिलं.

“पिवळा हाय,” त्या म्हणाल्या, आणि ताक घुसळायला गेल्या. जाता जाता एवढंच बजावलं, की मगातलं काही जमिनीवर सांडू नको, त्याला मुंग्या लागल्या तर दूध आटतं. तेव्हापासून तो चीक विहिरीच्या पाटात, वाहत्या पाण्यात सोडायचा, हे ठरून गेलं. ज्या गोष्टीवर विश्वास नाही ती आटू नये म्हणून त्या जपत होत्या, हे माझ्या लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात नाचले.

आत्याबाईंचा धडा

एकदा त्या कणगीतून ज्वारी काढायला आल्या. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पाठ करूनच उभ्या राहिल्या. पण माझी धडपड ऐकून त्यांना राहवेना. वस्तीवरची अडलेली गाय असली की लोक त्यांना बोलवायला येत. असा हात असलेल्या बाईला समोर कुणीतरी चुकत माकत धार काढतंय हे बघवणार कसं? त्या वळल्याच.

“हात हाय का काय हाय ह्यो?” त्या म्हणाल्या. “अशी काढत्यात व्हय? अंगठा मोड. मूठ धर. आन् खाली वड.”

मी केलं. आणि खरंच, एका थेंबाच्या जागी मगाच्या तळाला पिवळी टिकली दिसायला लागली. आम्ही दोघीही त्या मगात डोकं घालून बघत बसलो. आत्याबाईंचा चेहरा असा फुललेला मी त्यापूर्वी गाय व्याल्यावरच पाहिला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या आपणहून हजर. यांच्या हातून मग काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “चल, वेळ झाली.”

डावीकडून मात्र काही येत नव्हतं. आत्याबाईंनी व्रण पाहिला, मान हलवली आणि गाईच्या अडलेल्या सडाला करतात तेच ठरवलं. “हिला जरा जोर लागंल. सोस थोडं.” मी सोसलं. मला वाटलं, दुखतंय म्हणजे वाट मोकळी होत असेल. दोघींनाही शंका आली नाही, कारण त्या हाताला गाईच्या बाबतीत कधी अपयश आलेलं नव्हतं.

काही दिवसांनी सकाळी उठले तर डावी बाजू लाल झालेली, आणि अंगात थंडी वाजायला लागली. ती थंडी मी ओळखली. सांगलीला गळू झालं तेव्हा अशीच सुरुवात झाली होती. मी भिंतीला टेकून बसले. पुन्हा चिरा, पुन्हा ती पट्टी, आणि या वेळी यमुनाकाकूही नाहीत. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हे लाल जागा बघून आईला म्हणाले, “आये, आर्डर दोन-चार थेंबांची हुती.”

आत्याबाईंनी पातळ बदललं आणि मोटार गाठायला आमच्याही पुढे चालायला लागल्या.

ही गाय आहे का

“काय केलंत ते मला करून दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी हवेत अंगठा दुमडून, मूठ धरून, खाली ओढून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“हे कुणी शिकवलं?”

“म्या,” आत्याबाई म्हणाल्या.

“ही गाय आहे का?”

“गाय असती तर लाथ मारली असती. हिनं सांगाय नगं व्हय, दुकतंय म्हनून?”

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी शेकायची रबरी पिशवी मागवली, तिच्यात अर्धवट पाणी भरलं आणि आत्याबाईंना जवळ बोलावलं. “गाईचा सड ओढायचा. बाईला ओढायचं नाही. बोटं अशी मागे ठेवायची, छातीकडे हलकेच रेटायची, आणि मग जवळ आणायची. कातडीवर घासायची नाहीत. दुखलं तर चुकलं असं समजायचं.”

गळू झालेलं नव्हतं, मुका मार लागून सूज आली होती. ऊन पाण्याच्या घड्या, औषध आणि विश्रांती. पण ताप होता, पायांवरही सूज दिसत होती, म्हणून मला ठेवून घेतलं. दुपारी माझं पोट कडक झालं. मग सैल पडलं, आणि पुन्हा झालं. अजून दिवस भरायचे होते. नर्सबाई पोटावर हात ठेवून बसल्या आणि आत्याबाई माझ्या पायांशी उभ्या होत्या.

“माज्या हातानं झालं,” त्या म्हणाल्या. “ह्या हातानं झालं बग.”

मी त्यांचा हात धरला. त्यापूर्वी मी तो कधी धरला नव्हता. हात खरबरीत होता. दिवेलागणीच्या सुमारास पोट शांत झालं तोवर मी तो सोडला नाही.

दवाखान्यातले दिवस

पहाटे घंटा व्हायची, फिनेलचा वास यायचा आणि तोंडात थर्मामीटर. रोग्यांच्या नातेवाइकांसाठी मागे एक पत्र्याची शेड होती. तिथे तीन दगडांच्या चुली मांडून सगळे आपापलं रांधायचे, त्यामुळे दुपारी दवाखान्यात कुणाच्या चटणीची ठसक तर कुणाच्या आमटीचा घमघमाट. हे आठवड्याच्या बाजाराला घरून पीठ आणि भाजी आणून टाकायचे आणि दवाखान्याच्या मोटारीखाली डोकं घालून बसायचे. कुसुमला सांगलीला आईकडे पाठवलं होतं. तिची आठवण आली की मी कूस बदलून घ्यायची.

लाली ओसरली, ताप गेला. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा थोडं थोडं करायची परवानगी दिली, तेही स्वतः समोर उभं राहून. नवी तऱ्हा जमायला वेळ लागला, पण दुखेना, आणि उजवीकडे पहिल्यापेक्षा जास्त यायला लागलं. डावीकडचा नाद सोडा, असं त्या म्हणाल्या.

एका सकाळी मी खिडकीतून शेडकडे पाहिलं. आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. भाकरी तव्यावर होती आणि त्यांच्या मांडीवर ती रबरी पिशवी. बोटं मागे, हलकेच रेटून, मग जवळ. त्या एकट्याच सराव करत होत्या. भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी खिडकीतून बाजूला झाले, त्यांना दिसू दिलं नाही.

थेंब थेंब

बाळ थोडं आधीच आलं, भर सकाळी. मुलगी. आत्याबाईंचा चेहरा जरासा उतरला, ते मी पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण ते मनावर घ्यायला सवडच मिळाली नाही, कारण मुलगी एवढीशी होती आणि तिला जागच येईना. छातीशी धरली तर ओठ लावून झोपून जायची. तळव्यांना टिचक्या मारल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. ती चोखेचना.

“ताकद नाही तिला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चमच्याने द्यावं लागेल. काढता येईल तुम्हाला?”

काढता येईल? एवढे दिवस मी दुसरं काय शिकले होते. नर्सबाईंनी उकळलेली वाटी आणली, मी बोटं मागे ठेवली, रेटली, जवळ आणली, आणि पिवळा चीक वाटीत आला. थेंब नव्हे, चांगला चमचाभर. बाळंत होऊन मी नुकतीच उठून बसले होते, अंग मोडून आलं होतं, आणि तरी मला ओरडून सगळ्या वॉर्डला सांगावंसं वाटत होतं.

चमचा आत्याबाईंनी घेतला. तीन दिवस थांबा असं त्या म्हणतील म्हणून मी मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं. त्यांनी पोरीचं डोकं कोपरावर घेतलं आणि गालाच्या आतून एक थेंब सोडला. मुलीचा गळा हलला. मग दुसरा. सगळं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

वाटी खाली ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “माजं पयलं अन् दुसरं असंच निजून ऱ्हायचं. चोखायचं न्हाईत. सासू म्हनली, तीन दिस जाऊ द्या. तवा माजी चोळी भिजून चिंब व्हायाची आन् मी ती पिळून दूद टाकायची.”

हे घरात मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. यांच्या आधी दोन मुलं होऊन गेली होती, हे मला तेव्हा कळलं. मी रडले. आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी पोरीचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “काड अजून. हिला आनकी पायजेल.”

दिवसभर आमचं तेच चालायचं. मी काढायची, त्या पाजायच्या, आणि हे दारातून विचारायचे, वाटी उकळली का. हळूहळू मुलगी डोळे उघडायला लागली. मग एके दिवशी चमच्याला तोंड वेडंवाकडं करून तिने मान फिरवली आणि माझी उजवी बाजू स्वतःच पकडली. घुटका घेतल्याचा आवाज आला. तो आवाज कुसुमच्या वेळी मला कधी ऐकायला मिळाला नव्हता. चिकाचं पांढरं दूध झालं, पण छाती दगड झाली नाही. दाटलं की मी हाताने थोडं काढून मोकळी व्हायची.

शेजारची खाट

माझ्या शेजारच्या खाटेवर पाटणकडची सखू नावाची मुलगी होती. पहिलटकरीण. तिच्या आईने तिच्या छातीवर फडकं आवळून बांधलं होतं आणि बाळाला पाजायला वॉर्डात बाई शोधत होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ती मान डोलवायची, आणि त्यांची पाठ फिरली की फडक्याला आणखी एक गाठ. सखूचा चेहरा मला बघवत नव्हता. तो मी सांगलीच्या आरशात पाहिलेला होता.

तिची आई शेवटी माझ्यापाशी आली. “तुमची धाकली पीत हाय, आमचं बी घ्या की जरा तीन दिस.”

मी हो म्हणणार होते. यमुनाकाकूंचं ऋण फेडायला याहून चांगली संधी कुठली. पण आत्याबाई मध्येच उठल्या.

“घील की ती. पर तुमच्या लेकीचं काय?” त्या सरळ सखूच्या खाटेवर जाऊन बसल्या. “सोड ती पट्टी. मी सांगते. म्या माजी दोन घालवली हायेत, मला सांगू नगा कायबी.”

सखूच्या आईने गाठ सोडली. आत्याबाईंनी सखूची नखं पाहिली. मग स्वतःचे हात धुऊन आल्या, आणि त्यांच्या हातांची नखं बारीक कापलेली होती.

“बोटं मागं. आशी. हलकं रेट. आता जवळ आन,” त्या सांगत होत्या. “वडू नगंस. तू काय गाय हाईस व्हय?”

त्याच वेळी माझी मुलगी झोपेतून चुळबुळली. उजवी बाजू तिने नुकतीच रिकामी केली होती, म्हणून सहज, कसलीही आशा न ठेवता, मी तिला डावीकडे धरलं. व्रणाच्या बाजूला. तिने नाक घासलं, तोंड उघडलं आणि पकडलं. आत कुठेतरी सुया टोचल्यासारखं झालं, आणि मग ते सुटलं. तिच्या ओठाच्या कडेने दुधाची बारीक धार माझ्या अंगावर ओघळली. डॉक्टरांनी चिरलेल्या, सगळ्यांनी नाद सोडलेल्या बाजूचं दूध.

“आत्याबाई,” मी हाक मारली. “आत्याबाई, इकडे बघा. डावीकडे पितेय.”

त्यांनी मान वळवली नाही. सखूच्या वाटीत त्या वेळी पहिला पिवळा थेंब पडत होता.

“थांब गं,” त्या म्हणाल्या, “कामात हाय मी.”